शिक्षकाचे शिक्षण आणि नवी साधने



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी संस्थेने मला बोलाविले, याबद्दल मी प्रारंभीच ऋण व्यक्त करते. मराठीच्या अध्यापनात जिचे आयुष्य गेले तिने एखाद्या कवीवर किंवा संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु संस्थेने मला कळविलेला विषय निराळा आहे : वर्गात अंकीय साधने आणि समाजमाध्यमे वापरण्यासाठी शिक्षकांची तयारी कशी करावी. या विषयामागे एक व्यावहारिक निमित्त आहे, ते उघड करण्यास हरकत नसावी. माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी निधी जमविला आहे आणि त्यातून प्रत्येक वर्गात एकेक मोठा स्पर्शफलक बसवावा, असा पुष्कळांचा मानस आहे. देणगीदारांपैकी बरेच जण समोरच बसले आहेत. त्यांच्या औदार्याविषयी पूर्ण आदर बाळगून मी आज असे सुचविणार आहे, की या निधीचा मोठा वाटा फलकासमोर उभ्या राहणाऱ्या माणसावर खर्च व्हावा.

ही सूचना बडोद्यात करताना मला संकोच वाटत नाही, कारण बडोद्याचा इतिहासच तिच्या बाजूने उभा आहे. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू झाला, हे आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. त्यापुढची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. शिकलेली मुले वाचनाअभावी पुन्हा निरक्षर होऊ नयेत, या विचाराने सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बॉर्डन यांनी ग्रंथ आणि कपाटे यांची व्यवस्था तर केलीच, परंतु १९११ मध्येच त्यांनी ग्रंथपालनाचा एक वर्गही उघडला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिला वर्ग समजला जातो. पुढे लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालये खेडोपाडी जाऊ लागली, आणि ग्रंथालय खात्यातच दृश्यशिक्षणाची एक शाखा निघाली. मॅजिक लँटर्नच्या काचा, डोळ्यांना लावून पाहावयाची त्रिमितीय चित्रे, चलचित्रयंत्र अशी त्या काळची अगदी नवी साधने या शाखेच्या संग्रहात होती, आणि खेड्यातील लोकांना चित्रपट विनामूल्य दाखविले जात. बॉर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे चालविले. त्या काळात ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक येथून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे.

माझ्या मुद्द्यासाठी या हकिकतीतील एवढेच घ्यावयाचे, की साधन, ते चालविणारा शिकलेला माणूस, आणि अशा माणसांना एकमेकांशी बोलता यावे यासाठी एक पत्रिका, या तिन्ही गोष्टींची तजवीज शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एकाच खात्याने केली होती. आज आपण पहिली गोष्ट विकत घेतो, दुसरीसाठी तीन दिवसांचे शिबिर भरवितो, आणि तिसरीची आठवण आपल्याला राहत नाही. समाजमाध्यमे म्हणून ज्यांचा आज एवढा गाजावाजा आहे ती शिक्षकाच्या दृष्टीने वस्तुतः या तिसऱ्या गोष्टीचीच नवी सोय आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांची ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघे तशी मराठीतही निघे. भावनगरच्या बालमंदिरातील अनुभव दूरवरच्या एकट्या पडलेल्या शिक्षिकेपर्यंत तीच पोहोचवीत असे. महिन्याकाठी येणाऱ्या त्या पानांनी जे साधले ते दिवसाला दोनशे संदेश येणाऱ्या आजच्या ग्रुपांनी साधले आहे काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा.

गुरुजींचा उल्लेख मी केवळ औपचारिकपणे करीत नाही. मी याच शाळेची विद्यार्थिनी. १९६० नंतरच्या त्या वर्षांत आकाशवाणीवर शाळांसाठी कार्यक्रम होत असत, आणि शाळेत एकच रेडिओ होता. कार्यक्रम गुजरातीत असे. गुरुजी तो सुरू होण्यापूर्वी फळ्यावर चार प्रश्न लिहून ठेवीत. कार्यक्रम चालू असता ते स्वतः मागच्या बाकावर येऊन बसत, आमच्याबरोबर ऐकत. तो संपला की रेडिओ बंद करून ऐकलेले सारे आम्हांला मराठीत सांगावयास लावीत, आणि जे ऐकले ते खरे कशावरून, हा पाचवा प्रश्न त्यानंतर येई. पंधरावीस मिनिटांच्या कार्यक्रमासाठी एक संपूर्ण तास खर्ची पडे. कोणत्या शिबिरात ते हे शिकले होते, मला ठाऊक नाही. बहुधा कोणत्याच नाही. परंतु यंत्राचा वर्गात उपयोग म्हणजे काय, याचे याहून चांगले प्रात्यक्षिक मी नंतर पन्नास वर्षांत पाहिले नाही, आणि साधनांविषयीचे सारे सिद्धांत मी आजही त्या रेडिओच्या तासावर घासून पाहते.

सिद्धांतांची वाण नाही. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये असे मांडले, की विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे ज्ञान या दोहोंव्यतिरिक्त विशिष्ट विषय कसा शिकवावा याचे एक तिसरे, स्वतंत्र ज्ञान शिक्षकापाशी असते. २००६ मध्ये पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की साधन अलग शिकवून भागत नाही. या पाठात, या मुलांसमोर, हे साधन कशासाठी, हे शिकवावे लागते. युनेस्कोनेही शिक्षकांच्या या क्षमतांचा आराखडा २००८ मध्ये प्रथम काढला. २०१८ च्या आवृत्तीत त्यात १८ क्षमता आहेत आणि ज्ञान मिळविणे, ते सखोल करणे आणि नवे ज्ञान निर्माण करणे अशा तीन पायऱ्या आहेत. आराखडा चांगला आहे. परंतु आपली बहुतेक शिबिरे पहिल्या पायरीच्याही अलीकडे, यंत्र कोठून चालू करावे येथेच संपतात.

एक उदाहरण घेऊ. सातवीच्या वर्गात बोलीभाषांवरचा पाठ आहे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी यांचे नमुने पुस्तकात छापलेले असतात, परंतु बोली छापून कळत नाही. तिचा हेल ऐकावा लागतो. येथे ध्वनिमुद्रण जे करते ते पुस्तकाला किंवा शिक्षकालाही साधणारे नाही, आणि त्यासाठी साधा फोन पुरतो. त्याच वर्गात निबंध लिहावयाचा असेल, तर कागद आणि लेखणी याहून सोयीचे काही मला दिसत नाही. जोडाक्षर कसे वळवावे हे दाखवावयाचे असेल तर खडू आणि फळा यांना तोड नाही, कारण अक्षर घडताना हात दिसतो. कोणत्या तासाला फलक बंद ठेवावा, हे कळणे हा प्रशिक्षणाचा अर्धा भाग आहे असे मी मानते.

आपल्या देशात शिक्षकांच्या तयारीचे मोठे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग झाला. ‘साइट’ या नावाने तो ओळखला जातो. मुलांना सुंदर चित्रे दिसली, हे सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच प्रयोगात बारा बारा दिवसांच्या दोन फेऱ्यांत जवळजवळ ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण दिले गेले, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. त्यात दूरचित्रवाणी हा एक भाग होता. जोडीला रेडिओ होता, छापील साहित्य होते, आणि हातांनी करावयाचे प्रयोग व चर्चा होत्या. आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात पीज येथील केंद्रावरून चाललेला दूरचित्रवाणीचा प्रकल्प तर आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गावकऱ्यांच्याच भाषेत, त्यांच्याच प्रश्नांवर कार्यक्रम करण्याच्या त्याच्या पद्धतीला १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

दुसरा प्रयोग मध्य प्रदेशातील. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये तो सबंध जिल्ह्यात गेला, १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला, आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. या कार्यक्रमात उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन तीन आठवड्यांची शिबिरे होत आणि तेथे शिक्षक स्वतः प्रयोग करीत; मुलांना जे करावयाचे ते आधी आपण करावयाचे, असा दंडक होता. त्यानंतर दर महिन्याला शिक्षक एकत्र बसत, काय फसले ते सांगत. त्यांची स्वतःची पत्रिका होती. आणि मुलांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी त्याला पत्र लिहावे, मनात येईल तो प्रश्न विचारावा, आणि प्रत्येक पत्राला उत्तर जावे. पोस्टकार्डावर चाललेली ही देवाणघेवाण म्हणजे माझ्या मते शाळेसाठी बनलेले एक उत्तम समाजमाध्यम होते. त्यात मूल प्रश्न विचारी, आणि मोठ्यांना उत्तर शोधावे लागे.

संगणक आपल्या शाळांत आले ते १९८४-८५ च्या केंद्रीय योजनेतून, बीबीसी मायक्रो या इंग्लंडच्या यंत्रांसह. त्यापुढील यंत्रांची वंशावळ सांगत बसण्यात अर्थ नाही. २०१७ च्या शिक्षकदिनी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ या नावाने सुमारे ४२ लक्ष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा संकल्प सुटला आणि पुढच्या वर्षी महामारीमुळे ते प्रशिक्षण दूरस्थ झाले. एवढ्या प्रचंड संख्येस हात घालणे हीच मोठी गोष्ट आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु कोणत्याही दूरस्थ अभ्यासक्रमाची एक अंगभूत मर्यादा असते : शिकणारी व्यक्ती तेथे उपस्थित आहे की तिचा केवळ फोन, हे यंत्रास सांगता येत नाही. स्वयंपाक चालू आहे, ओट्याच्या कडेला फोनवर चित्रफीत चालू आहे, आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. मी शिक्षिकांना दोष देत नाही. दिवसभराचे तास, मग माहिती भरण्याची कामे, मग घर; यानंतर उरलेल्या वेळात प्रशिक्षण ढकलले तर दुसरे काय होणार?

आणि तरीही मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हेच शिक्षक पंधरा दिवसांत काय काय शिकले! राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेने त्या एप्रिलमध्ये पर्यायी शैक्षणिक दिनदर्शिका काढली, तीत समाजमाध्यमांचा उपयोग सुचविला होता आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्याशी साध्या फोनवरून बोलावे, असेही म्हटले होते. येथे दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरून पाठ सुरू झाले. परंतु मराठी माध्यमाच्या शिक्षिकेला त्यातून थेट हाती लागेल असे थोडेच होते. त्या वर्षात मी दोन प्रकारचे वर्ग पाहिले. एका शिक्षिकेने दोन डब्यांवर पट्टी आडवी ठेवून तीवर फोन पालथा टाकला होता, खाली वही, आणि तिचा लिहिता हात मुलांना घरी दिसत होता. म्हणजे फळ्यावरची जी गोष्ट महत्त्वाची ती तिने बरोबर ओळखली होती. दुसऱ्या एका ठिकाणी रोज सकाळी चाळीस पानांची धडधडीत फाईल मुलांच्या फोनवर येऊन पडे, आणि खाली तितक्याच नियमाने नमस्काराची चिन्हे. दोघींना यंत्राची माहिती सारखीच होती. फरक होता तो पाठाच्या समजुतीचा, आणि तो कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत सापडत नाही.

आता मी माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येते, आणि येथे मला मराठीची अध्यापिका म्हणूनच बोलावे लागेल.

बडोद्यातील मराठी मूल दिवसभरात मराठी अक्षरे किती पाहते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? दुकानांच्या पाट्या गुजरातीत, बसवरची अक्षरे गुजरातीत, दूरचित्रवाणी हिंदीत, फोनची बोलपत्रे इंग्रजीत. घरी मराठी बोलली जाते, परंतु वाचली जात नाही. गुजरातचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठी माध्यमाचीही पुस्तके काढते, ही समाधानाची बाब आहे. पण पुस्तक मिटल्यावर त्या घरात मराठी मजकूर येतो तो बहुधा एकाच मार्गाने. तो म्हणजे शाळेच्या ग्रुपवर बाईंनी टाकलेला संदेश. आई तो वाचते, मूल तो वाचते, आजी चष्मा लावून तो वाचते. म्हणजे शिक्षिकेचे ते चार ओळींचे लेखन हे त्या घरातील रोजचे मराठी वाचन झाले आहे. ही जबाबदारी तिने मागितली नव्हती, पण ती आलेली आहे.

आणि हे संदेश कसे असतात? पुष्कळदा रोमन अक्षरांतली मराठी असते. देवनागरी असली तर फोनवर हिंदीचा कळफलक असतो आणि तो ‘ळ’च्या ठिकाणी ‘ल’ आणून ठेवतो, ‘नाही’चे ‘नहीं’ करतो, आणि घाईत ते तसेच जाते. फोनमध्ये मराठीचा स्वतंत्र कळफलक असतो, तो निवडावयास अर्धा मिनिट लागतो, हे कोणी सांगितलेले नसते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन निराळे शब्द आहेत. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यावयाची आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी. हा आडवा र मराठीचा खास आहे, हिंदी लेखनात तो लागत नाही, त्यामुळे हिंदीच्या सवयीने टंकणाऱ्याला तो सापडत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’चीच कळ शिफ्टसह दाबली की टिंबाचा ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त आणि पुढे ‘य’ जोडला की काम होते. एवढे शिकावयास पाच मिनिटे लागतात. पण मी अनेक शिबिरांच्या कार्यक्रमपत्रिका पाहिल्या आहेत, त्यांत ही पाच मिनिटे कोठेही नसतात.

यावर कोणी म्हणेल, की बाई, हा शुद्धलेखनाचा जुनाच आग्रह झाला. तसे नाही. छापील पानावर चुकलेले अक्षर माणूस समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आज विनामूल्य उपलब्ध आहेत. मराठी विश्वकोश आंतरजालावर आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. माझ्या विद्यार्थिदशेत जे ग्रंथ पाहण्यासाठी ग्रंथालयात नंबर लावावा लागे, ते आज सातवीतल्या मुलाच्या खिशात आहेत. पण त्यांचे दार उघडते ते अक्षरांनी. शब्द जसा टंकाल तसाच तो शोधला जातो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्यापूर्वीचे लोक ‘अ’वर अर्धचंद्र देत. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, साधा शोध त्यांना दोन निराळे शब्द समजू शकतो. त्याहीपूर्वीच्या, निरनिराळ्या खासगी टंकांत लिहिलेल्या फाईली तर आता उघडल्या की मुंग्यांची रांग दिसते. माझ्याकडे एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाची अशी पंचवीस वर्षांपूर्वीची चकती आहे. आशय सुरक्षित आहे, आणि वाचता मात्र येत नाही. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका यांची हीच गत आहे. देवनागरीचा वर्गातील वापर आणि भाषेचे भवितव्य या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे शिक्षकाला अशा उदाहरणांनी पटवावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या शाळेतील प्रशिक्षणाचे पहिले दिवस कोणत्याही अॅपवर खर्च होऊ नयेत. फोनवर आणि संगणकावर नीट मराठी लिहिणे, ती साठविणे, ती शोधणे, दुसऱ्याचे लेखन पारखणे, एवढेच त्या दिवसांत व्हावे. ‘अॅप’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू ज्या नगरीत १९३१ मध्ये सिद्ध झाला, तेथील नागरिकाने परिभाषेविषयी उदासीन असू नये. परंतु लोकांच्या तोंडी बसलेला शब्द हुसकावून लावण्याचा हट्टही मला नाही. फोन, ग्रुप, अॅप हे राहू द्यावेत. कळफलक मात्र गोड आहे.

साधनापूर्वी भाषा, या क्रमाचे आजच्या काळातील एक ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि पुरस्काराच्या दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेत आणणारे शिक्षक म्हणून त्यांचे नाव झाले. परंतु त्या शाळेतील मुलांची घरची भाषा कानडी होती, आणि डिसले यांनी आधी ती शिकून घेतली, पाठ मुलांच्या भाषेत आणले, मग त्यांना संकेत जोडले. वर्तमानपत्रांनी संकेतांची चित्रे छापली. आपल्यासारख्या सीमेपलीकडच्या शाळांनी त्या कानडीकडे पाहावे.

आता तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे शिक्षकांच्या परस्परसंबंधाकडे. बडोद्यात मराठी माध्यमाच्या सातवीला विज्ञान शिकविणारी शिक्षिका आज जवळजवळ एकटी आहे. राज्याचे प्रशिक्षण साहजिकच गुजरातीतून होते. महाराष्ट्राचे साहित्य मराठीत विपुल आहे, पण पाठ्यक्रम निराळा. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथे मराठी शिकविणाऱ्यांची स्थितीही याहून फार वेगळी नाही. प्रत्येक जण आपल्या राज्याची भाषा आणि आपली मराठी यांच्या सांध्यावर उभा आहे, आणि प्रत्येकाला वाटते की ही अडचण आपल्या एकट्याचीच. या शिक्षकांना जोडणारा एक लहान मंडळवजा ग्रुप, त्यात आठवड्याला एकच प्रश्न आणि त्यावरची चर्चा, एवढे जरी झाले तरी होशंगाबादच्या मासिक बैठकीचे काम होईल. शुभप्रभातीची फुले त्यात नकोत. चर्चेतले निवडक महिन्याच्या अखेरीस कोणी तरी लिहून काढावे, नाही तर सारे वाहून जाते.

मुलांसाठीही याचा उपयोग आहे. आपल्या गावातील एखाद्या जलाशयाचे वर्णन सातवीच्या मुलांनी लिहावे आणि ते दुसऱ्या गावच्या शाळेस पाठवावे : आपला सूरसागर, हैदराबादचा हुसेनसागर, बेळगावचा किल्ला तलाव. ज्याने सूरसागर पाहिलाच नाही अशा मुलासाठी लिहावयाचे म्हटले की निबंधातली ठरीव वाक्ये आपोआप गळतात. आम्ही येथे ज्या सणाला उत्तरायण म्हणतो त्याला बेळगावचे मूल संक्रांत म्हणते आणि त्या दिवशी तेथे आकाश पतंगांनी भरत नाही, हे कळले तर मुलांना आपल्याच मराठीचे नवल वाटेल.

समाजमाध्यम हा स्वतःच अभ्यासाचा विषयही होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, मगरी वस्त्यांतून फिरल्या, आणि पाण्याबरोबर छायाचित्रांचाही लोंढा फोनवर आला. त्यांतील काही येथील होती, काही जुनी, काही कोठली तरीच. आपल्याच शाळेतील एका शिक्षिकेने अशी काही चित्रे छापून आणली आणि मुलांना गटात बसवून विचारले, हे बडोदेच कशावरून? मुलांनी पाट्यांची लिपी पाहिली, वाहनांचे क्रमांक पाहिले, पुलाचा कठडा ओळखला, एकीने तर भिंतीवरच्या जाहिरातीवरून साल सांगितले. मगर खरी असून मजकूर खोटा असू शकतो, हे त्यांनी स्वतः शोधले. या तासाला फोन लागला नाही. गुरुजींचा पाचवा प्रश्न तो हाच.

धोक्यांविषयी थोडे आणि स्पष्ट बोलते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस मूल मानले आहे आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. मुलांची नावे आणि छायाचित्रे शिक्षकांच्या खासगी फोनवरून गावभर जाणे हे आता केवळ सौजन्याच्या प्रश्नाचे राहिलेले नाही. मुलांना ग्रुपात घेऊ नये, पालकांना घ्यावे. ग्रुप शाळेच्या क्रमांकावरून चालावा आणि त्याचे दोन चालक असावेत. संध्याकाळी सातनंतर शिक्षिकेकडून उत्तराची अपेक्षा नसावी. हा शेवटचा नियम मोडणारे पालक मला माहीत आहेत, आणि त्यांतील काही आज येथे उपस्थित आहेत. रात्री अकराला ‘उद्या डब्यात काय द्यायचे’ असे विचारणाऱ्या पालकाला शाळेने, बाईंना पुढे न करता, स्वतः उत्तर द्यावे. युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक अहवालाला मथळाच असा दिला होता, की शिक्षणातील हे साधन नेमके कोणाच्या अटींवर? तो प्रश्न सरकारांना होता. परंतु शाळेच्या ग्रुपालाही तो लागू पडतो.

कृत्रिम प्रज्ञेविषयी मला विचारण्यात येईलच. २०२२ च्या अखेरीपासून ही यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत आणि ती मराठीत निबंध लिहून देतात. मी काही वाचले. वाक्ये सफाईदार असतात, त्यांतले कोणी कोठे राहत नाही. शिक्षकांनी अशा निबंधाच्या प्रती वर्गात वाटाव्यात आणि त्यातील एक तरी वाक्य बडोद्याचे करून दाखवा, असे मुलांना सांगावे. तूर्त एवढे पुरे आहे.

राहिला निधीचा प्रश्न. मी मुख्याध्यापिकाबाईंशी बोलून एक टिपण केले आहे. प्रत्येक वर्गात फलक न बसविता दोन खोल्यांत बसवावेत आणि तास आळीपाळीने तेथे व्हावेत. वाचलेल्या रकमेतून मे महिन्यात बारा दिवसांचे वर्ग भरवावेत, शिक्षकांना त्या दिवसांचे मानधन द्यावे, आणि पुढे वर्षभर दर शनिवारी एक तास त्यांना मोकळा मिळावा म्हणून बदली शिक्षिकेची सोय करावी. फलक सात-आठ वर्षांत जुना होतो आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च देणगीच्या पत्रात कोणी धरलेला नसतो, हेही देणगीदारांनी हिशेबात घ्यावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणकक्षेत्रात आहेत त्यांच्याकडून मला पैशांहून वेळ हवा आहे. बारांपैकी पाच दिवस त्यांनी येऊन शिक्षकांच्या शेजारी बसावे. व्यासपीठावर त्यांची गरज नाही. जुन्या टंकांतील फाईली युनिकोडमध्ये आणण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, तर शाळेच्या स्मरणिका पुन्हा वाचता येतील.

पहिल्या दिवसाचा अभ्यास मी स्वतः घेणार आहे. प्रत्येक शिक्षकाने उद्याच्या एका पाठाविषयी पालकांना दहा ओळींचा संदेश फोनवर मराठीत लिहावा, सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, आणि इतरांनी त्यातील एक शब्द तरी बदलून दाखवावा. ज्या देणगीदारांना हे टिपण मान्य आहे त्यांनी कार्यालयात ठेवलेल्या वहीत नाव लिहावे. ज्यांना मान्य नाही त्यांनीही कारण लिहावे, म्हणजे मेपूर्वी आपल्याला बसून बोलता येईल. वही मराठीत भरावी, अशी विनंती आहे.